लिंबूटिंबू कोण? एकदिवसीय विश्वचषकाच्या आराखड्याचं वाचन

आजचा विषय क्रिकेटचा असला तरी आम्ही इथे कुणाच्या शतकाचं वर्णन करायला उभे राहिलेलो नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं करतात. आम्हाला आज एकदिवसीय विश्वचषकाच्या आराखड्याबद्दल बोलायचं आहे. संघ किती घ्यायचे, गट किती पाडायचे, प्रत्येकाला किमान किती सामने द्यायचे, कोण कधी बाहेर पडू शकतो, हे ज्या कागदावर ठरतं त्या कागदाबद्दल. नाटकाची समीक्षा करताना आपण नुसता अभिनय बघत नाही, संहिताही वाचतो. या स्पर्धेची संहिता मात्र आपल्याकडे फारशी कुणी वाचत नाही. वेळापत्रक आलं की आपण त्यात एकच शोधतो: भारत-पाकिस्तान सामना कधी आहे.

तर सुरुवातीला तीन आकडे सांगतो. ३, ६ आणि ९.

२००७ च्या विश्वचषकात प्रत्येक संघाला किमान ३ सामन्यांची खात्री होती. २०११ आणि २०१५ मध्ये ६ सामन्यांची. २०१९ आणि २०२३ मध्ये ९ सामन्यांची. हा प्रवास कशामुळे झाला ते बघितलं की विश्वचषक म्हणजे काय समजायचं याचं बरंचसं उत्तर मिळतं.

२००७ ची स्पर्धा वेस्ट इंडीजमध्ये होती. १६ संघ, चार-चारांचे चार गट, प्रत्येक गटातले दोन संघ पुढे. एवढे संघ एकदिवसीय विश्वचषकात ना आधी कधी आले होते, ना नंतर आले. १७ मार्च २००७ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला १९१ धावांत गुंडाळलं आणि पाच गडी राखून सामना जिंकला. त्या पाठलागात तमीम इक्बाल, शाकिब अल हसन आणि मुशफिकुर रहीम या तिघांनी अर्धशतकं काढली, आणि तिघंही तेव्हा विशीच्या आत होते. तिकडे किंग्स्टनला आयर्लंडने पाकिस्तानला १३२ वर बाद केलं आणि हरवलं. पुढे भारत श्रीलंकेशीही हरला. म्हणजे भारत आणि पाकिस्तान दोघंही पहिल्याच फेरीत घरी.

आता यातली गंमत ऐका. पुढच्या फेरीच्या जागा मानांकनानुसार आधीच ठरवून ठेवलेल्या होत्या. १५ एप्रिलला बार्बाडोसमध्ये भारत आणि पाकिस्तान समोरासमोर येतील असा त्या कागदाचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या दिवशी, त्याच मैदानावर बांगलादेश आणि आयर्लंड खेळले. आयर्लंड ७४ धावांनी जिंकलं. खेळ म्हणून बघाल तर यात काही बिघडलं नव्हतं. जे दोन संघ जिंकून पुढे आले तेच खेळले. पण जाहिरातदारांच्या आणि वाहिन्यांच्या दृष्टीने तो दिवस पाण्यात गेला, कारण या स्पर्धेचा बहुतेक पैसा भारतातल्या दिवाणखान्यांतून येतो.

त्यानंतरचे सगळे आराखडे त्या १५ एप्रिलला दिलेलं उत्तर आहेत, असं आमचं म्हणणं आहे. २०११ मध्ये सात-सातांचे दोन गट करून प्रत्येकी चार संघ उपांत्यपूर्व फेरीत नेले. म्हणजे जवळजवळ महिनाभर खेळून, जे बाहेर जाणार हे सगळ्यांना माहीत होतं त्यांनाच बाहेर काढायचं. २०१९ मध्ये तर संघच दहा केले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरलं. आता भारत वाईटात वाईट खेळला तरी नऊ दिवस पडद्यावर राहणार. याला सरळ मराठीत विमा म्हणतात. विमा काढण्यात गैर काहीच नाही, पण हप्ता कोण भरतं ते विचारायला हवं. या विम्याचा हप्ता आयर्लंड, स्कॉटलंड, नेदरलँड्स, केनिया, नामिबिया यांनी भरला.

हा निर्णय कधी झाला तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला. आपण सगळे रस्त्यावर होतो. दोन दिवसांनी, ४ एप्रिलला, मुंबईतच आयसीसीच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि २०१५ चा विश्वचषक दहा संघांचा, फक्त पूर्ण सदस्यांचा असेल असं जाहीर झालं. आपल्या मिरवणुकीच्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नसेल. आणि हे कोणत्या स्पर्धेनंतर? ज्या स्पर्धेत महिनाभर आधी, बेंगळुरूला, आयर्लंडने इंग्लंडचं ३२७ धावांचं आव्हान पार केलं होतं आणि केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकलं होतं! आरडाओरड झाली, जूनमध्ये आयसीसीने माघार घेतली, २०१५ पुरते १४ संघ राहिले. पण २०१९ साठी दहाचा आकडा कायम झाला.

आता शब्दाकडे येतो, कारण समीक्षेत शब्द महत्त्वाचा. आपली मराठी वर्तमानपत्रं या छोट्या संघांना एक खास शब्द वापरतात: लिंबूटिंबू. इंग्रजीत त्यांना छोट्या माशाचं नाव आहे, पण आपला शब्द जास्त बोलका आहे. लिंबूटिंबू कोण असतं? गल्लीत मोठी मुलं खेळत असतात, कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्ट धरतो, मग आई सांगते की यालाही घ्या रे. मग त्याला घेतात. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्या धावा मोजायच्या नाहीत. पण तो मैदानात असतो. दोन वर्षांनी तोच पोरगा मोठ्यांच्या यष्ट्या उडवतो. लिंबूटिंबू ही आपल्याकडे खेळात शिरायची पहिली पायरी होती, आणि ती अपमानाची जागा नव्हती. २०१९ च्या आराखड्याने ही पायरीच काढून टाकली. त्या स्पर्धेत पहिल्यांदाच एकही सहसदस्य देश नव्हता.

'दर्जा नको का? एकतर्फी सामने कोण बघणार?' हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आला असेल, आणि तो वाजवी आहे. म्हणून आपल्याच एका संघाचा दाखला घेऊ या.

हा संघ पहिल्या दोन विश्वचषकांत मिळून सहा सामने खेळला आणि एक जिंकला. तो विजयही १९७५ मध्ये पूर्व आफ्रिकेविरुद्ध, म्हणजे केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया यांच्या एकत्र संघाविरुद्ध. त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना या संघाने ६० षटकांत ३ बाद १३२ केल्या. सलामीवीर १७४ चेंडू खेळून ३६ वर नाबाद राहिला. (हशा) त्या डावाबद्दल आणखी बोललो तर आमची वेळ संपेल आणि तो डाव संपणार नाही. १९७९ मध्ये हा संघ तिन्ही सामने हरला. त्यातला एक श्रीलंकेशी, ४७ धावांनी. तेव्हा श्रीलंकेला कसोटी दर्जासुद्धा नव्हता.

हा संघ कोणता ते तुम्ही ओळखलंच आहे. सहा सामने, एक विजय. एकतर्फी सामन्यांचं कारण देऊन १९८२ मध्ये कुणी संघ कमी करायला बसलं असतं, आणि फक्त एकदिवसीय खेळ बघितला असता, तर भारताचं नाव वाचलं असतं का? कसोटी दर्जा होता म्हणून भारत आत होता. आतमध्ये होता म्हणून १९८३ झालं.

१९८३ बद्दल आपण इतकं ऐकलंय की काही वेगळं सांगायची हिंमत होत नाही. तरी एक गोष्ट सांगतो. ९ जून १९८३ ला मँचेस्टरला भारत आणि वेस्ट इंडीज यांचा सामना सुरू झाला, दुसऱ्या दिवशी तो भारताने जिंकला. त्याच ९ जूनला नॉटिंगहॅमला झिंबाब्वेने ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवलं. डंकन फ्लेचर नाबाद ६९ आणि चार बळी. झिंबाब्वेचा तो विश्वचषकातला पहिलाच सामना! म्हणजे त्या दिवशी दोन लिंबूटिंबू मैदानात होते. त्यातला एक पुढे क्रिकेटचा मालक झाला. कपिल देवच्या ज्या १७५ धावांची गोष्ट आपण मुलांना सांगतो, त्या दिवशी भारताला ५ बाद १७ वर आणणारा संघही झिंबाब्वेच होता. छोटा संघ समोर नसता तर ती गोष्टही झाली नसती.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की १९८३ च्या आराखड्यात प्रत्येक संघाला सहा सामने होते, गटातल्या प्रत्येकाशी दोनदा. भारत ऑस्ट्रेलियाशी १६२ धावांनी हरला, वेस्ट इंडीजशी परतीच्या सामन्यात ६६ धावांनी हरला, तरी टिकला. तीनच सामने असते तर कदाचित आपली कहाणी वेगळी झाली असती. म्हणजे जास्त सामन्यांची हमी ही गोष्ट वाईट नाही. ज्याला अनुभव कमी त्याला तर ती जास्तच लागते. आमची तक्रार हमीशी नाही. ती ज्यांना गरज नाही त्यांना नऊ सामन्यांची आणि ज्यांना गरज आहे त्यांना शून्याची, या वाटपाशी आहे.

आता पुण्यात येऊ. २९ फेब्रुवारी १९९६. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम. केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनियाने सगळे बाद १६६ केल्या, त्यात ३७ अवांतर, म्हणजे सर्वात जास्त 'धावा' वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनीच करून दिल्या. समोर लारा, रिचर्डसन, चंदरपॉल. सामना संपल्यातच जमा होता. मग रजब अलीच्या चेंडूवर लाराचा झेल यष्टीमागे तारिक इक्बालच्या हातात बसला आणि बसला तो बसलाच. वेस्ट इंडीज ९३ सर्वबाद. कर्णधार मॉरिस ओडुंबेचे १५ धावांत ३ बळी. एखादा संघ पहिल्याच विश्वचषकात, पहिल्या दोनदा जग जिंकलेल्या संघाला ७३ धावांनी हरवतो, आणि ते आपल्या पुण्यात. पुण्यात पाट्या पुष्कळ आहेत, या सामन्याचीही एक असायला हरकत नव्हती. (हशा)

पण आराखड्यात या विजयाची किंमत किती? शून्य. सहा संघांच्या गटातून चार पुढे जाणार होते. वेस्ट इंडीज हरूनही पुढे गेलं, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलं. केनिया घरी.

२००३ मध्ये केनिया परत आलं आणि या वेळी थेट उपांत्य फेरीत. तेव्हाही आणि आजही लोक म्हणतात की ते नशिबाने गेले, न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला आलं नाही म्हणून फुकटचे गुण मिळाले. बरोबर आहे, मिळाले. पण मग १९९६ आठवा. कोलंबोतल्या बॉम्बस्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज दोघांनीही तिथे खेळायला नकार दिला आणि श्रीलंकेला दोन सामन्यांचे गुण न खेळता मिळाले. श्रीलंकेने विश्वचषक जिंकला. त्यांच्या विजेतेपदाला कुणी फुकटचं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग तोच प्रकार केनियाच्या बाबतीत घडला की तो डाग कसा होतो? त्या स्पर्धेत केनियाने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवलं, कॉलिन्स ओबुयाने पाच बळी घेतले. कसोटी दर्जा असलेल्या बांगलादेशाला हरवलं, झिंबाब्वेला हरवलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध, त्या वेळच्या अजिंक्य ऑस्ट्रेलियाविरुद्ध, निवृत्तीतून परत आलेल्या आसिफ करीमने ८.२ षटकांत ७ धावा देऊन ३ बळी घेतले. यातलं काय नशिबाने झालं?

या संघाचे प्रशिक्षक कोण होते? आपले संदीप पाटील. १९८३ च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध नाबाद ५१ धावा करणारे, मुंबईचे, शिवाजी पार्कचे. वीस वर्षांनी दर्बानला, दुसऱ्या एका विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ते भारताच्या विरुद्ध बाजूला बसले होते. भारत ९१ धावांनी जिंकला. लिंबूटिंबूचा विश्वविजेता कसा होतो हे आतून पाहिलेला माणूस दुसऱ्या लिंबूटिंबूला तिथवर घेऊन आला होता. 

आणि नंतर काय झालं? श्रीलंकेला १९७९ च्या त्या विजयानंतर दोन-तीन वर्षांत कसोटी दर्जा मिळाला. बांगलादेशाने १९९९ मध्ये पाकिस्तानला हरवलं, पुढच्याच वर्षी कसोटी दर्जा मिळाला. केनिया विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलं आणि त्यांना काही मिळालं नाही. मोठे संघ नैरोबीकडे फारसे फिरकले नाहीत. यात केनियाचा स्वतःचा दोष मोठा होता, तो झाकायचं कारण नाही: मंडळातली भांडणं, मानधनासाठी खेळाडूंचे संप, आणि ओडुंबेवर सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. पण मंडळातली भांडणं आणि सट्टेबाजांचे पैसे ही काही फक्त नैरोबीची मक्तेदारी नाही. मोठ्या देशांत असं घडलं तेव्हा चौकशी झाली, समित्या बसल्या, आणि सामने चालूच राहिले. केनियाचे सामने थांबले. २०१४ मध्ये त्यांचा एकदिवसीय दर्जाही गेला. बांगलादेश आणि केनिया यांच्यात फरक काय होता? आमच्या मते मैदानावरचा नाही. ढाक्यात प्रेक्षक होते आणि बाजार होता.

एकतर्फी सामन्यांचा मुद्दा राहिला. २००३ मध्ये कॅनडा श्रीलंकेविरुद्ध ३६ धावांत बाद झालं. लाजिरवाणा सामना, मान्य. चारच दिवसांनी त्याच कॅनडाच्या जॉन डेव्हिसनने वेस्ट इंडीजविरुद्ध ६७ चेंडूंत शतक केलं, तोवरचं विश्वचषकातलं सर्वात वेगवान. दहा संघांच्या 'दर्जेदार' २०२३ मध्ये काय झालं? वानखेडेवर भारताने श्रीलंकेला ५५ धावांत बाद करून ३०२ धावांनी हरवलं. श्रीलंका माजी विश्वविजेती आहे. तो सामना बघून कुणी श्रीलंकेला कमी करा म्हटलं का? एकतर्फी सामना मोठ्या संघाचा असला की तो 'भारताचा दणदणीत विजय' होतो, छोट्या संघाचा असला की 'वेळेचा अपव्यय'. मथळे देणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावं.

२०१९ बद्दल दोनच गोष्टी. त्याच्या पात्रता स्पर्धेत, हरारेला, स्कॉटलंड पावसाच्या हिशेबाने वेस्ट इंडीजशी ५ धावांनी हरलं. पंचांचा निर्णय तपासून घ्यायची सोयही त्या सामन्यात नव्हती, आणि त्यावर एका देशाचा विश्वचषक ठरत होता. दुसरी गोष्ट ऑइन मॉर्गनची. डब्लिनचा मुलगा, २००७ मध्ये आयर्लंडच्या संघात होता. मोठं क्रिकेट खेळायचं तर देश बदलावा लागेल हे ओळखून इंग्लंडकडे गेला आणि २०१९ मध्ये लॉर्ड्सवर त्याने इंग्लंडचा कर्णधार म्हणून चषक उचलला. त्या स्पर्धेत आयर्लंड नव्हतं. या आराखड्यावर याहून कडक टीका आम्हाला सुचत नाही.

अफगाणिस्तानचं उदाहरण दहा संघांच्या बाजूचे लोक देतात: बघा, ज्यांच्यात दम आहे ते येतातच. पण त्यांचा रस्ता नीट बघा. २००८ मध्ये हा संघ जर्सी बेटावर पाचव्या श्रेणीची स्पर्धा खेळत होता. २०१५ ला १४ संघ होते म्हणून दार किलकिलं होतं. तिथे सहा सामन्यांत एक विजय. २०१९ मध्ये नऊपैकी नऊ पराभव. म्हणजे २०२३ च्या आधी १५ सामने, १ विजय. भारताचे सहा सामने आणि एक विजय आठवतोय ना? मग २०२३ मध्ये त्यांनी दिल्लीत इंग्लंडला, चेन्नईत पाकिस्तानला, आणि आपल्या गहुंज्यात श्रीलंकेला हरवलं. वानखेडेवर ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ करून ठेवली होती. मॅक्सवेल नावाचं प्रकरण मध्ये आलं नसतं तर... असो. चौदा पराभूत दिवसांची संधी त्यांना मिळाली म्हणून हे झालं. त्यांच्या महिला खेळाडूंना मात्र त्यांच्याच देशात मैदान नाही, तो विषय एका वाक्यात उरकण्यासारखा नाही आणि आम्ही तो उरकणार नाही.

नेदरलँड्सने त्याच स्पर्धेत धरमशालाला दक्षिण आफ्रिकेला हरवलं, कोलकात्यात बांगलादेशाला हरवलं, आणि शेवटी दहाव्या क्रमांकावर राहिलं. त्याआधी तीन वर्षं एकदिवसीय सुपर लीग नावाची एक चांगली व्यवस्था होती. १३ संघ, त्यात बारा पूर्ण सदस्य आणि तेरावं नेदरलँड्स. मोठ्या संघांना त्यांच्याशी खेळावंच लागत होतं. एका फेरीनंतर ती बंद केली. पैशाचं सांगायचं तर २०२४ ते २०२७ च्या वाटपात आयसीसीच्या उत्पन्नातला सुमारे ३८.५ टक्के वाटा भारतीय मंडळाला आणि नव्वदहून अधिक सहसदस्य देशांना मिळून अकराच्या आसपास टक्के, असे आकडे बातम्यांमध्ये आले. पैसा भारतातून येतो म्हणून भारताला जास्त, हा युक्तिवाद व्यापाराचा म्हणून ठीक आहे. मात्र १९७५ मध्ये भारताला आत घेताना हा नियम कुणी लावला नव्हता.

२०२७ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात आहे. संघ पुन्हा १४ झाले आहेत, दोन गट सात-सातांचे, हमी सहा सामन्यांची. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण त्या कागदातला एक नियम वाचून दाखवतो. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे यजमान म्हणून थेट खेळणार. क्रमवारीतले पहिले आठ थेट खेळणार. उरलेले चार पात्रता स्पर्धेतून. नामिबिया यजमान आहे, सामने तिथेही होणार आहेत, पण ते पूर्ण सदस्य नाहीत, म्हणून त्यांना थेट प्रवेश नाही. खेळपट्टी त्यांनी करायची, गवत त्यांनी कापायचं, पाहुण्यांची सोय त्यांनी करायची, आणि आपल्याच अंगणात खेळायला मिळावं म्हणून आधी दुसरीकडे जाऊन जिंकून यायचं.

आमचं बोलून झालं. आता प्रश्न घेऊ या. मागे हात वर आहे, त्यांना माइक द्या.